डॉक्टरांना त्रास नको

"डॉक्टर पळून जातात, कारण आपल्याला डॉक्टर वापरता येत नाही," कुरामोची शिगेयोशी म्हणाले. "ही डॉक्टरीण मात्र जाणार नाही. मी अध्यक्ष असेपर्यंत तर नाहीच नाही. लिहून घ्या."

लिहून कोणीच घेतलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. शिगेयोशी आमच्या वस्तीमंडळाचे अध्यक्ष. चाळीस वर्षं बोटीच्या धक्क्यावर तिकिटं फाडली, त्यामुळे कोणाला कुठे जाऊ द्यायचं आणि कोणाला नाही याची त्यांना उपजत समज आहे, असं ते स्वतःच सांगतात.

आमच्या हागोजिमा बेटावर माणसं एकशे चौदा. त्यातला सर्वांत धाकटा बावन्न वर्षांचा आहे आणि आम्ही त्याला अजून पोरगाच म्हणतो. पलीकडच्या मोठ्या गावाला जाणारी बोट दिवसातून दोनदा सुटते, पोचायला दीड तास लागतो, आणि समुद्र खवळला की तीही नाही. अशा ठिकाणी डॉक्टर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. तरीही चार वर्षांत आम्ही तीन डॉक्टर घालवले.

भांडून नव्हे, प्रेमाने घालवले. पहिल्याला आम्ही कशासाठीही हाक मारायचो. म्हातारा तोमेकिची तर कानातला मळ काढून घ्यायला ऐन आंघोळीच्या वेळी त्याच्या दारात उभा राहायचा. दुसऱ्याला चौदा महिन्यांत एक रविवार मिळाला नाही. तिसऱ्याच्या वेळी आम्ही शहाणे झालो, त्याला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं आणि त्याऐवजी भाजी दिली. एका आठवड्यात त्याच्या दारात एकतीस मुळे जमले. आता आमच्याकडे कोणी काही दिलं की त्याची परतफेड करावी लागते. त्या बिचाऱ्याने एकतीस घरी एकतीस खोके बिस्किटं पोचवली आणि बत्तिसाव्या दिवशी बोट धरली.

चौथ्या आल्या त्या डॉक्टर मिझुहारा. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना सारख्या वाकून नमस्कार करणाऱ्या. आधी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात होत्या, जिथे नऊ डॉक्टरांचं काम तिघं करायचे. एकदा त्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपल्या आणि चार वेळा वरखाली फिरून आल्या, असं त्यांनी स्वागताच्या चहाला हसत हसत सांगितलं. हसलं कोणीच नाही. शिगेयोशींचे तर डोळे भरून आले. बाईंना आराम मिळाला पाहिजे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पाटी निघाली. आमच्याकडे काहीही कळवायचं तर सगळ्या आळ्यांतून एक लाकडी पाटी फिरते. तिला कागद चिमट्याने अडकवलेला असतो. एका घराने तो वाचायचा, आपल्या नावाचा शिक्का उमटवायचा आणि पाटी शेजारच्या घरी नेऊन द्यायची. पाटीशी वाद घालायची सोय नाही. शिक्का मारला की मान्य, आणि शिक्का न मारणारं घर आमच्या बेटावर अजून बांधलं गेलेलं नाही.

कागदावर अध्यक्षांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'डॉक्टर थकलेल्या आहेत. किरकोळ दुखण्यासाठी त्यांना त्रास देऊ नये. दुखणं किरकोळ आहे की नाही, हे आधी घरी ठरवावं. घरी ठरत नसेल तर अध्यक्षांना विचारावं.'

पहिला शिक्का अर्थातच अध्यक्षांच्या घरचा. तो मारायचं काम त्यांच्या बायकोचं. तोकिए वहिनींनी कागद वाचला आणि शिक्का हातात धरून त्या थोड्या थांबल्या.

"अहो, माझी दर महिन्याची रक्ततपासणी आहे, तिचं काय?"

"तिला किती वेळ लागतो?"

"वेळ कसला. सुई टोचली की झालं."

"मग किरकोळच की. आणि पाटी मी काढायची आणि माझीच बायको दवाखान्याची टेकडी चढताना दिसायची? लोक तोंडावर हसतील माझ्या."

"खरंच की," वहिनी म्हणाल्या. "मी बरी आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

'मी बरी आहे' हे वहिनींचं ठरलेलं वाक्य. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, त्यात शिगेयोशींनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्यांना ते ऐकूच येत नसे. वहिनींचं हृदय मधूनच ठोका चुकवायचं. अशा हृदयात रक्ताची गाठ धरते आणि ती मेंदूत जाऊन बसू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. किती घ्यायची ते दर महिन्याच्या तपासणीवर ठरायचं. मिझुहाराबाईंनी आल्या आल्या तपासून महिन्याच्या गोळ्या दिल्या होत्या आणि संपायच्या आत परत या, असं दोनदा बजावलंही होतं.

पाटीचा परिणाम असा झाला की शिगेयोशींना स्वतःचाच अभिमान आवरेना. लोक आधी त्यांच्याकडे येऊ लागले. तोमेकिची अंगठ्यात गळ रुतवून आला.

"अध्यक्ष, हे किरकोळ का?"

"रक्त थांबलंय ना?"

"मघाशीच."

"मग किरकोळ." शिगेयोशींनी पक्कड आणून गळ ओढला, वर घरची दारू ओतली.  तोमेकिची फक्त दारू वाया गेली म्हणून हळहळला.

केस कापायचं दुकान चालवणारी हात्सुको पाय घसरून पडली आणि तिचं मनगट सुजलं. तिने ते मोडक्या हातपंख्याच्या काड्या लावून बांधलं आणि डाव्या हाताने आमचे केस कापू लागली. तीन महिने सगळं बेट एका बाजूने आखूड केसांचं होतं. पण तक्रार कोण करणार? बघता बघता ही चुरसच झाली. आपण कधीपासून दवाखान्यात गेलो नाही, ते लोक एकमेकांना ऐकवू लागले. दवाखाना टेकडीवर, आणि तिथे जाणारा रस्ता कोळ्यांच्या सोसायटीच्या खिडकीतून अख्खा दिसतो. त्या रस्त्यावर कोणी दिसलं की आत चहा पिणारे म्हणत, "बघा, निघाला डॉक्टरांच्या जिवावर उठायला." मीही म्हणालो आहे. पाटीवर माझाही शिक्का होता.

जुलैत एकदा सकाळी शिगेयोशी पेपर वाचत होते. समोर वहिनी फळं कापायच्या सुरीने काहीतरी बारीक कापत होत्या.

"काय गं ते?"

"गोळी. मोठी आहे, गिळताना घशात अडकते."

गोळी तुरीच्या दाण्याएवढीसुद्धा नव्हती. शिगेयोशींनी "हं" म्हटलं आणि पान उलटलं. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायच्या तर अर्धी, आणि तीन महिने पुरवायच्या तर आणखी बारीक, हा वहिनींचा साधा हिशोब होता. पुन्हा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण एकाच गोष्टीसाठी बायकोला दोनदा विचारायची शिगेयोशींना सवय नव्हती.

इकडे मिझुहाराबाई दवाखान्याच्या अंगणात मुळे लावत होत्या. दुसरं काय करणार? सिस्टर यासुए तीनदा निवृत्त होऊन तीनदा परत बोलावल्या गेलेल्या, कारण दुसरी नर्स यायलाच तयार नाही. वय सदुसष्ट. त्या खिडकीत बसून लोकर विणायच्या. त्यांचा तिसरा स्वेटर पुरा होत आला तेव्हा मिझुहाराबाई टेकडी उतरून खाली आल्या आणि शिगेयोशींसमोर वाकून उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष, माझ्याकडून काही चुकलंय का?"

"छे छे. तुमच्याकडून कसलं चुकतंय?"

"नाही, म्हणजे... कोणी येत नाही."

शिगेयोशींचा चेहरा खुलला. "आम्ही तुम्हाला काही त्रास देतोय का?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर. आराम करा."

बाई घुटमळल्या. "तुमच्या पत्नीची रक्ततपासणी राहिली आहे. सिस्टरनी फोन केला, तर त्या म्हणाल्या, मी बरी आहे. मी घरी येऊन रक्त घेऊ का?"

"घरी? तुम्ही? टेकडी उतरून?" शिगेयोशींना ते अशक्य वाटलं. "तिची काळजीच करू नका. ठणठणीत आहे ती. पाठवतो मी कधीतरी."

मग ते वाकले, त्या वाकल्या, पुन्हा ते वाकले. बाई परत टेकडी चढून गेल्या. या लोकांना मी नको आहे, असं त्यांना वाटलं. बाईंच्या मनासारखं चाललंय, असं शिगेयोशींना वाटलं. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडून उद्धटपणा केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण उद्धटपणा आमच्या रक्तात नाही, आणि त्याचं आम्हाला कौतुकही आहे.

ऑगस्ट संपता संपता प्रांताच्या आरोग्य विभागाचं पत्र आलं. शिगेयोशींनी ते सोसायटीत सगळ्यांसमोर फोडलं, कारण पत्राच्या सुरुवातीलाच 'अभिनंदन' दिसत होतं. उपलब्ध आकड्यांनुसार हागोजिमा हे प्रांतातलं सर्वांत निरोगी बेट ठरलं होतं. टाळ्या झाल्या. मग शिगेयोशींनी पुढे वाचलं आणि त्यांचा आवाज बसत गेला.

दवाखान्यातल्या रुग्णांची रोजची सरासरी होती एक. (तो एक म्हणजे सिस्टर यासुए. हात रिकामे नकोत म्हणून त्या रोज स्वतःचंच ब्लडप्रेशर मोजून घ्यायच्या.) सरकार दवाखान्याला पैसे देतं ते तपासलेल्या माणसामागे. माणसं येत नसतील तर पैसे नाहीत, आणि मग तिथे डॉक्टर तरी कशाला? मोठ्या गावातल्या रुग्णालयाला चार डॉक्टर कमी आहेत, तेव्हा डॉक्टर मिझुहारा यांना तिकडे हलवावं असा विचार आहे. अठरा सप्टेंबरला अधिकारी असाकुरा प्रत्यक्ष पाहणी करतील. दवाखान्याची बेटाला खरोखर गरज आहे की नाही, ते त्या दिवशी ठरेल.

 तोमेकिची म्हणाला, "अध्यक्ष, आपण जरा जास्तच बरे राहिलो की काय?"

पण शिगेयोशी हार मानणारे नव्हते. पाटी फिरायला बारा दिवस लागतात आणि तेवढ्यात सगळे तयार होतीलच असं नाही, म्हणून नवी पाटी तर काढलीच, शिवाय त्सुनामीची सूचना द्यायचा भोंगाही लावला. सतरा तारखेला भर दुपारी सगळ्या बेटावर त्यांचा आवाज घुमला. "उद्या सकाळी नऊ वाजता सर्व निरोगी व्यक्तींनी आजारी पडावं. पुन्हा सांगतो. सर्व निरोगी व्यक्तींनी उद्या सकाळी नऊ वाजता आजारी पडावं."

संध्याकाळच्या सभेत आजारांचं वाटप झालं. सगळ्यांनी एकच दुखणं सांगितलं तर असाकुरांना संशय येईल, म्हणून पूर्व आळीला गुडघे, पश्चिम आळीला खोकला आणि सोसायटीवाल्यांना पोटाचे विकार.

हात्सुकोने हात वर केला. डावा. "अध्यक्ष, माझं मनगट खरंच दुखतं. ते सांगितलं तर चालेल का?"

"मनगट? यादीत मनगट नाही. तुमच्या आळीला गुडघे आहेत."

"पण ते मोडलंय बहुतेक."

"हात्सुकोबाई, जो तो आपापलं खरं दुखणं सांगत बसला तर कार्यक्रमाचा विचका होईल. उद्याचा दिवस कळ काढा."

तिने कळ काढायचं कबूल केलं. तीन महिने काढतच होती. वहिनींच्या वाट्याला शिगेयोशींनी चक्कर ठेवली. अध्यक्षांची बायको, तिचा आजार जरा भारदस्त हवा.

"जमेल ना तुला?" घरी जाताना त्यांनी विचारलं. "नुसतं बसून राहू नकोस. थोडा तोल जाऊ दे. खरं वाटलं पाहिजे."

"करीन मी," वहिनी म्हणाल्या. त्या मधूनमधून भिंतीला हात लावत चालत होत्या. शिगेयोशींना वाटलं, सराव करतेय.

अठराला सकाळी नऊच्या आत टेकडीवर ब्याण्णव माणसं उभी होती. असाकुरा बोटीतून उतरले. चष्मा, हातात फॉर्म, गळ्यात घड्याळ. प्रतीक्षेचा वेळ, तपासणीचा वेळ, रुग्णाचं समाधान असे रकाने. ते दाराशी खुर्ची टाकून बसले आणि मिझुहाराबाईंनी दार उघडलं. समोरची गर्दी बघून त्या बावरल्या.

आणि रांग हलेना.

"आधी तुम्ही," पहिला म्हणाला.

"छे, माझं काय एवढं, आधी तुम्ही," दुसरा म्हणाला. तीन महिने डॉक्टरांकडे न जाणं हाच मोठेपणा होता, मग आज पहिलं पाऊल कोण टाकणार? असाकुरांच्या घड्याळात बारा मिनिटं गेली. शेवटी शिगेयोशींनी तोमेकिचीला मागून ढकललं.

आत तोमेकिची ठरल्याप्रमाणे खोकला. छान खोकला. पण उजवा हात त्याने खिशातून काढला नाही.

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

"हाताचं काही नाही. माझा खोकला आहे."

"आजोबा, खिशातून हात काढा."

अंगठा काळानिळा पडला होता आणि त्याला वास येत होता.  बाईंनी सिस्टरना सुरी, कापूस आणायला सांगितलं. नंतर हात्सुको गुडघा घेऊन आली आणि मनगट दाखवून गेली. तिसऱ्याने पोट सांगितलं, त्याच्या पायावरची जखम दोन महिन्यांची निघाली. माणसं खोटं दुखणं पुढे करत होती आणि खरं लपवत होती, आणि बाई एकेकाचं खरं शोधून काढत होत्या. एकेका माणसाला वीस वीस मिनिटं लागायला लागली. बाहेर असाकुरा प्रतीक्षेच्या रकान्यात मोठमोठे आकडे लिहीत होते.

वहिनींना नववा नंबर मिळाला होता. त्यांनी तो पाठीमागच्या म्हातारीला दिला आणि तिचा घेतला. मग तोही कोणाला तरी दिला. अध्यक्षांच्या घरच्यांनी पुढे घुसायचं नसतं. साडेदहाला त्यांचा नंबर अठ्ठेचाळीसवर गेला होता. शिगेयोशींना हे दिसत होतं, आणि मनातून त्यांना बायकोचा अभिमानच वाटला.

चहा फिरला. वहिनींच्या हातातला पेला निसटून फरशीवर फुटला. असाकुरांनी मान वर केली. हीच वेळ, शिगेयोशींनी ताडलं. त्यांनी वहिनींना हाताला धरून खुर्चीजवळ आणलं.

"ही माझी पत्नी. तिला फार त्रास आहे, साहेब."

"काय होतंय आपल्याला?" असाकुरांनी पेन सरसावलं.

वहिनींचे ओठ हलले. बराच वेळ हलले. मग त्या म्हणाल्या, "मी... बरी आहे."

शिगेयोशींचा संताप झाला. एवढी एक चक्कर वाटून दिली होती, तीही हिला सांगता येईना. "चक्कर," ते कानाशी पुटपुटले. "अगं, चक्कर म्हण."

"मी बरी आहे," वहिनी पुन्हा म्हणाल्या. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. मग त्या हळूहळू उजवीकडे कलल्या आणि फरशीवर बसल्या.

"आता कसं," शिगेयोशी हळूच म्हणाले. वहिनी आडव्या झाल्या. "पुरे, पुरे. एवढं नको, साहेबांना कळेल." आम्ही शेजारी उभे होतो. आमच्यातल्या एकाने तर कौतुकाने मान हलवली. तो मी नव्हतो, पण माझ्याही मनात तेच आलं होतं.

दोन-तीन मिनिटं तरी गेली असतील. मिझुहाराबाई पुढचं नाव पुकारायला दारात आल्या आणि हातातला कागद टाकून धावल्या.

"बाजूला व्हा."

"डॉक्टर, तिला जरा चक्कर..."

"ही चक्कर नाही." त्यांनी वहिनींचा उजवा हात उचलून सोडला, तो धप्पकन पडला. "अध्यक्ष, या गोळ्या घेत होत्या ना?"

"घेते की. रोज घेते. मी स्वतः पाहिलंय," शिगेयोशी म्हणाले. "सुरीने कापून घेते."

हे बोलत असतानाच त्यांना ते कळलं. 

बाईंनी फोन करून मागवलेलं हेलिकॉप्टर बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर उतरलं. त्यात पायलट होता, मदतनीस होता, पण डॉक्टर नव्हता, कारण पलीकडेही डॉक्टर कमीच. म्हणून मिझुहाराबाई वहिनींबरोबर गेल्या. आत जागा एकाचीच होती. शिगेयोशी मैदानात उभे राहिले, वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, ती आणायला कोणी गेलं नाही. दवाखान्यात सिस्टर यासुए आणि ऐंशीच्या वर माणसं उरली. असाकुरांनी फॉर्मवर लिहिलं, 'डॉक्टर अनुपस्थित.'

निकालाचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. शिगेयोशींनी ते एकट्याने फोडलं, आम्ही नंतर वाचलं. पाहणीच्या दिवशी रुग्णांची संख्या एका डॉक्टरच्या आवाक्याबाहेर होती. प्रतीक्षेचा वेळ फार, बरेच आजार वेळेवर न ओळखलेले, गंभीर रुग्ण रांगेत दुर्लक्षित. एका डॉक्टरच्या भरवशावर सेवेचा दर्जा राखता येत नाही असं स्पष्ट झाल्याने तो एक डॉक्टरही काढून घेण्यात येत आहे. यापुढे दवाखाना बोटीवर असेल आणि महिन्यातून दोनदा येईल. सहकार्याबद्दल आभार.

निघायच्या दिवशी मिझुहाराबाई अध्यक्षांच्या घरी गेल्या. त्यांनी अंगणातले मुळे आणले होते.

"मला वाटलं होतं, मी तुम्हाला नको आहे," त्या म्हणाल्या.

"आम्हाला वाटलं, आम्ही तुम्हाला नको आहोत," शिगेयोशी म्हणाले, आणि मुळे छातीशी धरून रडले. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाईसुद्धा रडल्या. जायचं त्यांच्या मनात नव्हतं. इथे येऊन पहिल्यांदाच त्यांनी एका सकाळी डॉक्टरकी केली होती.

ती दुसरी पाटी सतरा-अठरा तारखेच्या गडबडीत कोणाच्या तरी घरी अडकली होती. ती याच दिवशी शिक्के घेऊन परत आली. 'दुखलं खुपलं तर न लाजता डॉक्टरांकडे जावं.' फक्त अध्यक्षांच्या घराचा चौकोन घाईत रिकामा राहिला होता. शिगेयोशींनी वहिनींचा शिक्का शोधला आणि मारला.

वहिनी डिसेंबरात परतल्या. पलीकडच्या रुग्णालयात चालायचा-बोलायचा व्यायाम करून घेणारी माणसं कमी होती आणि खाट दुसऱ्या कोणाला हवी होती. उजवा हात गेला. पाय ओढत चालता यायचं. बोलणंही गेलं, एक वाक्य सोडून. तहान लागली, कपडे ओले झाले, डोकं दुखलं, काहीही झालं तरी वहिनी प्रयत्न करकरून तेवढंच म्हणत, "मी बरी आहे." कधी चिडून म्हणत, कधी रडत म्हणत. पूर्वी जे वाक्य शिगेयोशींना ऐकू येत नसे, ते आता दिवसभर ऐकू येई.

त्यानंतरची पहिली दवाखान्याची बोट आली तेव्हा धक्क्यावर मोठी रांग होती. आता लोक लाजत नव्हते. शिगेयोशी वहिनींना धरून आत गेले. डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, दिवसातलं हे त्याचं तिसरं बेट. माणशी चार मिनिटं.

"काही त्रास?" त्याने संगणकावरून नजर न काढता विचारलं.

"मी बरी आहे," वहिनी म्हणाल्या.

त्याने बटण दाबलं. तक्रार नाही.

"थांबा," शिगेयोशी म्हणाले. आवाज इतका मोठा होता की बाहेर रांगेत आम्हालाही ऐकू आला. "तिला बरं नाही. तिला फक्त तेवढंच बोलता येतं."

डॉक्टरने पहिल्यांदा वर पाहिलं. "बरं. मग त्यांना काय होतंय? तुम्ही सांगा."

शिगेयोशींनी तोंड उघडलं. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. काल सकाळपासून त्या कपाळाला हात लावत होत्या, की मानेला? जेवण कमी झालं होतं का? झोप लागत होती का? अठ्ठेचाळीस वर्षं ज्या बाईबरोबर काढली, तिला कुठे दुखतंय ते त्यांना सांगता येईना.

"चार मिनिटं झाली," मदतनीस दारातून म्हणाला.

वहिनींनी मागे वळून रांग पाहिली. लोक थांबलेत, आपल्यामुळे थांबलेत, हे त्यांना कळत होतं. त्यांनी डाव्या हाताने नवऱ्याची बाही धरली आणि ओढली. शिगेयोशी उठले. वाकून डॉक्टरांना म्हणाले, "त्रास दिला, माफ करा."

त्यांच्यानंतर नंबर माझा होता. तो चार मिनिटांतच आला म्हणून मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.